हर्नियासाठी लावलेला कौल

१४ सप्टेंबर, देवास

ही डायरी प्लांटमधून नवीन वर्षाला मिळाली होती, आजवर कपाटात कोरीच पडून होती. आज काढली, कारण या घरात कोणाशी धड बोलायची सोय राहिलेली नाही. मराठीत लिहितो आहे तेही मुद्दाम. देवश्रीची सगळी शाळा हिंदीतून झाली. ती मराठी बोलते सपासप, पण दोन ओळी वाचायच्या म्हटल्या की तिला जांभया येतात. म्हणजे बायकोपासून डायरी सुरक्षित.

तर मुद्द्याचं. या महिन्याच्या सुरुवातीला, गणपतीतच, इंदूरला माझं डावं वृषण काढलं. शब्द लिहितानाही चारदा पेन उचललं. त्यात गाठ होती, कॅन्सरची. वय माझं तेहतीस. काल रिपोर्ट आला. सेमिनोमा नावाचा प्रकार, पहिलीच पायरी, गाठ लहान, पोटाचा स्कॅन साफ. डॉ. जया म्हणाल्या, "आप लकी हैं." लकी! मग ज्याला काहीच होत नाही त्याला काय म्हणतात?

आता पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे औषध काहीच नाही, फक्त लक्ष ठेवायचं. दर तीन महिन्यांनी रक्त, सहा महिन्यांनी पोटाचा स्कॅन, हळूहळू अंतर वाढवत पाच वर्षं. दुसरी म्हणजे खबरदारी म्हणून केमोचा एक डोस. नुसतं लक्ष ठेवलं तर माझ्यासारख्या शंभरांत दहा-बाराजणांचा आजार परत येतो, डोस घेतला तर दोन-चारांचा. परत आला तरी वेळेत सापडला की बहुतेक सगळे बरे होतात. म्हणजे डोस घ्यायलाच हवा असं नाही आणि नको असंही नाही. बाईंनी दोन्ही पर्याय समोर ठेवले आणि म्हणाल्या, "घर जाकर सोचिए."

मी प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. गियरच्या लॉटमध्ये शंभरात दोन खराब निघाले तर मी अख्खा लॉट परत पाठवतो. इथे दहा-बारा, आणि बाई म्हणतात आकडा चांगला आहे.

रजेच्या अर्जावर हर्निया लिहिलं. दुसरं काय लिहिणार? तिथे चहाच्या टपरीवर माणसाचं काय काय निघतं ते मला ठाऊक आहे.

१६ सप्टेंबर

माईनं गावभर हर्निया सांगून ठेवलंय! शेजारी, मामाकडे, धारला, सतवासच्या आत्याला. स्वतःच्या मुलाच्या आजाराबद्दल खोटं बोलायला या बाईची जीभ तरी कशी रेटते? मी चिडून विचारलं तर म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. अल्पनाचं व्हायचंय अजून."

अल्पना माझी धाकटी बहीण. अठ्ठावीस पूर्ण. खातेगावच्या मोरोपंतांचा मुलगा चिंतामणी, शेतीखात्यात आहे, त्याचं स्थळ आलंय. दोघं एकदा इंदूरला भेटली आणि तेव्हापासून अल्पना भांडी घासतानाही गुणगुणते. आता घराण्यात कॅन्सर आहे म्हटलं की गुणगुणणं बंद होईल, असा माईचा हिशोब.

आणि अण्णांचं वेगळंच. मी दोन वाटा समजावून सांगायला बसलो तर त्यांनी हात वर केला. "पक्ष चालू आहे. पितृपंधरवड्यात नवीन विषयाचा निर्णय घेऊ नये. घटस्थापनेनंतर पाहू." मी म्हटलं, "अण्णा, ऑपरेशनही याच महिन्यात केलं ना?" तर म्हणाले, "ते निकडीचं होतं. शिवाय पक्ष लागायच्या आधी झालं." चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस हा.

१९ सप्टेंबर

देवश्रीशी भांडण. माझं मत सरळ आहे की लक्ष ठेवायचं. गाठ लहान, स्कॅन साफ, मग उगाच विष का भरून घ्यायचं? लग्नाला दोन वर्षं झालीत, मूलबाळ अजून व्हायचंय. डोस घ्यायचा तर त्याआधी वीर्य बँकेत ठेवा असंही बाईंनी सांगितलंय. अण्णांनी हे दाराआडून ऐकलं आणि पेपर उलटा धरून वाचत बसले.

देवश्री सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "तू येशील का पण दर वेळी?"

चारचौघांत ती मला अहो म्हणते, खोलीत अरे. अरे म्हणायला लागली की समजायचं, काहीतरी टोचणार आहे.

"म्हणजे?"

"म्हणजे पाच साल जाना है. तू गाडीची सर्व्हिसिंग दोन साल से टाळून राहिलाय."

जिवाचा प्रश्न आणि ही गाडी काढते! मी उशी घेऊन हॉलमध्ये जाऊन झोपलो. टाक्यांना सोफा बोचला तो वेगळाच.

२४ सप्टेंबर

ऑपरेशननंतरचं रक्त काल द्यायचं होतं. आधी वाढलेले आकडे खाली आले की नाही ते त्यावरून कळतं. पण नवरात्र चालू आहे. देवीच्या टेकडीवर दर्शनाला आलेली माणसं अख्ख्या देवासात मावत नाहीत, निम्मे रस्ते बंद. लॅब पलीकडच्या बाजूला. शिवाय प्लांटमध्ये ऑडिट, रजेनंतर पहिल्याच आठवड्यात हजर झालो नाही तर माझ्यावरच शेकेल. चार दिवसांनी काय बिघडतंय? देवश्रीनं सकाळी डब्याखाली लॅबचा पत्ता ठेवला होता. तिला वाटतं मी कुक्कुलं बाळ आहे.

घरात आता एक मत झालंय, माझं सोडून. माई, अण्णा दोघंही केमोच्या बाजूनं. कारण? "एकदाचं संपेल." एक दिवस इंदूरला जायचं, सलाईन लावून यायचं, चार दिवस टायफॉइड सांगायचा, विषय बंद. पाच वर्षं दर तीन महिन्यांनी इंदूरच्या वाऱ्या केल्या तर लोकांना काय सांगणार? हर्नियाला एवढ्या तपासण्या कोण करतं?

मी ओरडून सांगितलं की डोस घेतल्यावरही तपासण्या आहेतच, बाईंनी हे सांगितलं होतं. ते वाक्य कोणाच्या कानात शिरलेलंच नाही. म्हणजे औषध आजाराला नाही, आमच्या थापेला द्यायचंय.

२६ सप्टेंबर

आज डॉ. जयांकडे. देवश्री बरोबर होती. बाईंनी पहिलंच विचारलं, "ब्लड रिपोर्ट?" मी नवरात्र, रस्ते, ऑडिट सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पीयूषजी, तुमच्या केसमध्ये मी निगराणीच सुचवेन," त्या म्हणाल्या. त्या मूळ नागपूरच्या, मराठी बोलतात हे आज कळलं. "पण निगराणी त्याच्यासाठी, जो येतो. जो येणार नाही त्याला मी डोस देऊन टाकते, निदान धोका तरी कमी होईल." मग देवश्रीकडे वळून म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं, येतील हे?"

देवश्रीनं पर्स मांडीवर ओढली.

मी वाट पाहिली. तिनं पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. दोन वर्षं एका छताखाली राहून बायको डॉक्टरसमोर एक "हो" म्हणू शकत नाही! परतीच्या वाटेवर मी रेडिओ मोठा करून ठेवला. तिनं दोनदा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. मला वाटतं तिला आपलं वागणं लागलं असावं. लागायलाच हवं.

रागाच्या भरात मी नऊ ऑक्टोबरची डोसची तारीख घेऊन ठेवली. म्हटलं, घ्या, करा सगळ्यांच्या मनासारखं. नंतर बघू काय ते.

३० सप्टेंबर

आज जे झालं ते प्लांटमध्ये सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. अर्थात प्लांटमध्ये सांगताच येणार नाही.

आज अष्टमी. आमची कुळदेवी धारला, गल्लीतलं छोटं देऊळ. देवासला आलो तरी महत्त्वाचं काही असलं की धारला जाऊन कौल लावायचा, ही आमच्याकडची रीत. गुरव ओल्या फुलाच्या दोन कळ्या देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवतो, प्रश्न मोठ्यानं विचारायचा आणि बसून राहायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. अण्णांच्या नोकरीचा, आमच्या लग्नाचा, अल्पनाच्या कॉलेजचा, सगळ्यांचा कौल लावलेला आहे.

माई, अण्णा, अल्पना सकाळीच गेले. संध्याकाळी माई प्रसाद घेऊन आत आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. "उजवी पडली रे बाबा. बसल्या बसल्या पडली. देवीनं हो सांगितलं. केमो घे."

मी हात जोडले, म्हटलं ठीक आहे, तुमची श्रद्धा. तेवढ्यात अल्पना स्वयंपाकघरातून तोंडाला ओढणी लावून माझ्याकडे बघतेय. हसू आवरत नव्हतं तिला.

"दादा, विचार ना, माईनं काय विचारलं देवीला."

"काय विचारलं?"

माई म्हणाली, "तू गप गं."

"कृष्णराव गुरव समोर बसलेले. त्यांच्या बायकोच्या कानावर गेलं की अख्ख्या धारला कळतं. तर माईनं विचारलं, पीयूषच्या हर्नियाचं अजून काही करायचं का?"

मग मी असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "अगं, देवीनं हर्नियाला हो म्हटलंय! मला हर्निया नाहीये!"

अण्णा कोट काढता काढता अगदी शांतपणे म्हणाले, "देवी अंतर्यामी आहे. तिला आजार ठाऊक आहे."

"मग तिला विचारायला धारला कशाला जायचं?"

"वाद घालू नकोस."

देवश्री पाट मांडत होती. ती खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून हसायला लागली, खदखदून. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदाच. मलाही हसू आलं असतं, पण राग आधी आला. हसता हसता ती रडायला कधी लागली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माईनंच तिला जवळ घेतलं. मला वाटलं, थकली असेल.

३ ऑक्टोबर

काल दसरा. प्लांटमध्ये यंत्रांची पूजा, घरी सोनं. सगळे मला म्हणतात, "हर्निया का क्या हाल है भिया?" शिफ्टमधला रघुजी तर म्हणाला, "वजन मत उठाना भिया, मेरे जीजा का फिर से फट गया था." एका आजाराचा सल्ला दुसऱ्या आजाराला घेत घेत मी थकलोय. डोळ्यांसमोर सारखी ती सलाईनची नळी येते. भीती वगैरे काही नाही, उगाच आपलं.

रक्त अजून दिलेलं नाही. आता डोसच घ्यायचा तर आधी तिथेच घेतील. म्हणजे चुकलं काहीच नाही.

परवा मोरोपंत येणार आहेत, मुलाला घेऊन. माईनं नवीन चादरी काढल्यात.

५ ऑक्टोबर

लिहू की नको असं झालंय. पण कुठेतरी लिहिलं पाहिजे.

मोरोपंत दुपारी आले. निवृत्त पटवारी. मोकळा, मोठ्यानं बोलणारा माणूस. चिंतामणी बुजरा, पण अल्पना चहा घेऊन आली तेव्हा दोघांची नजर एकमेकांकडून हलेना. सगळं छान चाललं होतं. मग मोरोपंत माझ्याकडे वळले.

"ऐकलं तुमचं हर्नियाचं. माझं पण झालं ना तीन साल पहले. कुठली बाजू?"

"डावी," मी म्हटलं. निदान ते तरी खरं होतं.

"जाळी टाकली का?"

"टाकली," अण्णा म्हणाले. मी बघतच राहिलो. ज्यांनी आयुष्यात मुलांना उत्तरपत्रिकेत खाडाखोड करू दिली नाही, ते अण्णा.

"मग तर महिन्याभरात मोकळे. असं करा, गुरुवारी सगळेच या खातेगावला. घर बघा, शेत बघा, चिंतामणीच्या आईला, यमुनाबाईंना, गुडघ्यामुळे निघता येत नाही, त्याही भेटतील. तिथेच सुपारी फोडून टाकू."

गुरुवार म्हणजे नऊ तारीख. डोसची.

माई लगेच म्हणाली, "येऊ की." मग मला खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं. मी गेलो. तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तू ते बुधवारी घेऊन ये ना. आणि गुरुवारी नुसता गाडीत बसून चल. उलट्या होतील त्यावर मी लिंबू घेईन बरोबर."

लिंबू.

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते. तेव्हा मला ते दिसलं नाही, आत्ता लिहिताना आठवतंय. तेव्हा फक्त लिंबू ऐकू आलं.

बाहेर मोरोपंत अण्णांना विचारत होते, "का हो, पीयूषला गुरुवारी काही अडचण?" आणि अण्णा म्हणत होते, "त्याचं जरा ड्रेसिंग असतं."

"महिन्यानंतर ड्रेसिंग? पिकलं बिकलं तर नाही?"

"नाही, ते मूळव्याधीचं," माई आतून ओरडली.

मी हॉलमध्ये गेलो. "काका, हर्निया नाही आणि मूळव्याधही नाही. मला कॅन्सर होता. डावं वृषण काढलंय. आता बरा आहे. पुढची पाच वर्षं तपासण्या करायच्यात, आणि मी त्या करणार आहे. डोस घेणार नाही. गुरुवारी नाही आणि बुधवारी तर नाहीच."

चिंतामणीनं मान खाली घातली. मोरोपंतांनी बशीतला उरलेला चहा प्यायला, बशी खाली ठेवली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "तब्येत पहिली. बाकी काय, होत राहतं." गुरुवारचं नाव त्यांनी परत काढलं नाही. निघताना अण्णांना नमस्कार केला, माईला केला. अल्पना आत होती.

खोलीत देवश्री म्हणाली, "खरं बोलायला तुला दुसरा दिवस नव्हता?"

"तूच म्हणतेस ना मी टाळतो? घे, नाही टाळलं."

"महिनाभर एकदा तरी मला म्हणाला असतास की भीती वाटते. मी रोज वाट बघत होते."

"मला कुठे भीती वाटते?"

तिनं दिवा मालवला आणि पाठ केली. खरं बोललो त्याचं कौतुक या घरात कोणालाच नाही.

८ ऑक्टोबर

मोरोपंतांचा फोन आला. मुलाला आता दोन वर्षं लग्नाचा विचार नाही म्हणे. अण्णांनी "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला आणि सकाळचाच पेपर पुन्हा वाचायला घेतला. माई देवघरात बसली आहे ती उठतच नाही. मला कोणी काही म्हणत नाही, हे जास्त वाईट. कोणी भांडलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

अल्पनानं दिवसभर दार लावून घेतलं. संध्याकाळी दारावर टकटक करून मी म्हटलं, "असल्या माणसांच्या घरात जाऊन तरी काय केलं असतंस? बरंच झालं की." आतून दुसरी कडी लागल्याचा आवाज आला. मी चुकीचं काय बोललो ते मला अजून कळलेलं नाही.

९ ऑक्टोबर

सकाळी डॉ. जयांना फोन करून डोस नको म्हणून कळवलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण आजच्या आज रक्त. आज नाही दिलं तर मला फोन करू नका."

मी म्हटलं जेवून निघतो. खोलीबाहेर आलो तर अल्पना दारात उभी. केस ओले, डोळे सुजलेले, हातात माझ्या गाडीची किल्ली.

"उपाशी पोटी द्यायचं असेल तर?"

"नाही लागत उपाशी."

"मग चल आत्ताच."

गाडी तिनंच काढली. देवश्री मागे बसली होती. दोघींमध्ये काहीतरी ठरलेलं दिसत होतं, मला मात्र कोणी सांगितलं नाही. लॅबमध्ये माझा नंबर लागला. मुलीनं दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. मी दुसरीकडे बघायला मान वळवली तर समोर अल्पना उभी.

"फोन नंबर?" मुलीनं विचारलं. मी सांगायला लागलो तर अल्पनानं मध्येच आपला सांगितला.

"अगं, रिपोर्ट माझा..."

"पुढच्या तारखेचा मेसेज मला आला पाहिजे," ती त्या मुलीला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, उलट फारच खाली आणला. "मला तो आवडला होता दादा. खूप. आता तू एक पण तारीख चुकवून बघ. तुला काही झालं ना, तर माझं गेलं ते फुकटच गेलं असं होईल. ते मी होऊ देणार नाही."

सुई आत गेली तेव्हा मला दुखलं की नाही तेही आठवत नाही. माझा दुसरा हात कधीतरी देवश्रीनं धरला होता. तिनं विचारलं, "घाबरलास?"

"हो," मी म्हटलं.

पुढचं रक्त जानेवारीत आहे.